जुलैत घाटावर मैफल? आधी किती फूट पाणी आहे ते बघ

ताई, नमस्कार.

मी शिवाजी पेठेतली. गेलं वर्षभर नेदरलँड्समध्ये पाणी आणि पर्यावरण या विषयात एम.एस्सी. करतेय. पहिलं वर्ष संपलं, दुसरं सप्टेंबरात सुरू होईल. मधली उन्हाळ्याची सुट्टी घरी काढणार आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पोचते, ऑगस्टअखेर परत.

तिसरीपासून बारावीपर्यंत मी गाणं शिकले. मग इंजिनिअरिंगला पुण्याला गेले आणि गाणं सुटलं ते सुटलंच. गाण्याच्या बाईंना पाच वर्षांत साधा फोनसुद्धा केलेला नाही. आजोबांचा तानपुरा कोपऱ्यात उभा आहे, एक तार तुटलीय, उरलेल्या वाजवल्या तर नुसता ठण्ण आवाज येतो.

या सुट्टीत मला गाणं आणि नदी, दोन्हींसाठी काहीतरी करायचंय. पंचगंगेच्या घाटावर 'नदीसाठी सूर' अशी मैफल घ्यावी, मित्रमैत्रिणींचा गट करावा, इन्स्टाग्रामवर पेज काढावं, जमलं तर संस्थाच नोंदवावी असं डोक्यात आहे. मैत्रीण म्हणते, कोल्हापुरात आता गाण्याचं वातावरण राहिलेलं नाही, कशाला त्या भानगडीत पडतेस. बाबा म्हणतात, पुण्यात इंटर्नशिप बघ, तिकडची मुलं सुट्टीत तेच करतात. आई म्हणते, वर्षभर ब्रेड खाल्लास, आता नुसती बस आणि जेव. विमानाने येण्याजाण्याचा कार्बन मनात सलतो तो वेगळाच. डिसेंबरात लग्नाला आले होते तेव्हा थर्माकोलच्या पत्रावळ्यांवरून काकाशी असं वाजलं की तो अजून धड बोलत नाही.

आठ आठवडे वाया जाऊ नयेत, एवढंच वाटतं. आणि एक विचारायचं होतं, परत जाताना तानपुरा विमानातून नेता येईल का?

शिवाजी पेठेतली एक

* * *

अगं, जुलैत घाटावर मैफल? जुलैत घाट असतो तरी कुठे! पायऱ्या, त्यांवरची बारकी देवळं, दीपमाळा, सगळं पाण्यात. तू तर पेठेतली पोर, 'किती फूट झालं' म्हणत शिवाजी पुलावर पाणी बघायला नक्कीच गेली असशील. तबलजीला बसवणार कुठं होतीस, पुलाच्या कठड्यावर?

चेष्टा सोड, पण तुझ्या बेताची गोम इथंच आहे. सुट्टी तिकडची आहे आणि महिने इकडचे. तिकडे जुलै-ऑगस्ट म्हणजे ऊन, रात्री दहापर्यंत उजेड, मोकळ्यावरचे कार्यक्रम. इकडे आषाढ-श्रावण. कपडे वाळत नाहीत, तबल्याची पुडी उतरते, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की अर्ध्या जिल्ह्याचं लक्ष आकड्यांकडे. या पावसात जे होऊ शकतं तेवढंच धर, बाकीचं सोड. संस्था नोंदवायचं तर आत्ता मनातूनच काढून टाक. तू ऑगस्टअखेर गेलीस की तिचे कागद सांभाळायला कोण राहणार, बाबा?

नदीचंही तसंच. पंचगंगेचं दुखणं बघायचं तर एप्रिल-मेमध्ये यायला हवं. तेव्हा पाणी कमी असतं. शहरातल्या नाल्यांचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगचं रंगीत पाणी, कारखान्यांची मळी, सगळं बंधाऱ्यांत साचतं, केंदाळ माजतं, मासे मरून तरंगतात आणि पेपरात फोटो येतात. जुलैत ही सगळी घाण लोंढ्याबरोबर पुढे कृष्णेत जाते. नदी गढूळ दिसते, पण तब्येतीने बरी वाटते. पाण्याचे नमुने घेऊन प्रदूषण दाखवायला निघालीस तर मोसमच चुकेल. हे तुझ्या प्राध्यापकांनीही सांगितलं असतं, त्यांना इथला पाऊस माहीत असता तर.

आता नदी आणि वाद्यं तुला एकत्रच हवी असतील, तर तो कार्यक्रम वर्षानुवर्षं तुझ्या गल्लीतून जातोय. आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी घागरींतून टेंबलाई देवीला नेतात, पुढे पी-ढबाक वाजवणारे, मागे सगळी गल्ली. यावर्षी घागरींबरोबर न चालता वाजवणाऱ्यांच्या बाजूने चाल. ही माणसं कुठली, वर्षभर काय करतात, पावसाळी हवेत चामडं ताणलेलं ठेवायला काय करतात, डॉल्बी आल्यापासून सुपाऱ्या किती उरल्या, हे विचार. टेंबलाईच्या वाटेवर नाही विचारता येणार, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन विचार. नव्या पाण्याची वाजतगाजत पूजा करायची आणि उरलेलं वर्ष त्याच पाण्यात गटारं सोडायची, हे मला दरवर्षी खटकतं. पण यात्रेत माईक घेऊन हे सांगू नकोस. मटणाचे वाटे घालायच्या गडबडीत तुझं कोण ऐकेल?

तर या दोन महिन्यांत नदी काय दाखवते, तर पूर. मग पूर बघ. एक वही कर. रोज सकाळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी त्यात लिही, किती फूट, किती इंच. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे तुला पाठ असेल. त्या आकड्याला पाणी तुझ्या ओळखीच्या भागात कुठवर आलं तेही लिही. शुक्रवार पेठेत कुठल्या दारापर्यंत, जामदार क्लबकडे कुठपर्यंत. आकडा सगळेच वाचतात, पण आकडा आणि उंबरठा यांची जोडी फारसं कोणी लिहून ठेवत नाही.

आणि त्याहून महत्त्वाचं, जुन्या खुणा. २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. कुठल्याही पूरग्रस्त घरात विचार, घरातली बाई भिंतीवर हात ठेवून दाखवेल की इथवर आलं होतं, फ्रीज तरंगत होता. पण आता बऱ्याच घरांना रंग दिलाय, भिंतीवरचे डाग गेलेत. खूण राहिली आहे ती फक्त माणसांच्या हातात आणि डोक्यात. टेप घेऊन जा, उंबऱ्यापासून उंची मोज, कुठल्या वर्षीची ते लिही, घरच्यांना विचारून फोटो काढ. आंबेवाडी आणि प्रयाग चिखली या नदीकाठच्या गावांना जा. तिथं पाणी वाढायला लागलं की आधी जनावरं हलवतात, मग म्हातारी माणसं, मग धान्य. त्यांचा हा क्रम कसा ठरतो ते बसून ऐक. प्रश्नावलीचा कागद पुढे केलास तर 'सरकारी पंचनामा आला' असं समजून नुकसानीचे आकडे सांगतील, त्यामुळे कागद पिशवीतच ठेव. चहा घेतल्याशिवाय उठू देणार नाहीत, तो घे.

तू राहतेस तो देश या बाबतीत बघण्यासारखा आहे, आणि तुझ्या शिक्षणाचा इथे उपयोग होईल तो इथंच. १९९५ ला तिथे नद्या इतक्या चढल्या की जवळपास अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर बांध आणखी उंच करण्यावर न थांबता त्यांनी तीसहून अधिक ठिकाणी नदीलाच जागा करून दिली. नायमेखेनला तर बांध मागे घेतला, वाल नदीला दुसरा प्रवाह खणला आणि त्यासाठी काही घरं उठवली. आपल्याकडे पूररेषा आखलेल्या आहेत, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून येणाऱ्याची लाल. त्या रेषा नकाशावर आहेत. जमिनीवर त्यांच्या आत काय काय उभं राहिलंय ते एकदा पायी फिरून बघ. तिकडचं उत्तर इकडे जसंच्या तसं लागू होणार नाही. चिखलीच्या माणसाला 'नदीला जागा द्या' म्हणालीस तर तो विचारेल, 'माझ्या उसाची देऊ का?' बरोबर विचारेल. त्या प्रश्नावर तुझं शिक्षण काय म्हणतं, हे तू मला पुढच्या वर्षी लिही.

बाबांना दाखवायचं ते हेच. दुसऱ्या वर्षी तुला प्रबंध लिहायचा असेलच. निघण्याआधी तिकडच्या मार्गदर्शकाला मेल टाकून विचार की कोल्हापूरच्या पूरखुणांच्या नोंदी कामाला येतील का, आणि कशा घेतल्या तर येतील. त्याचं 'हो' आलं की बाबांच्या हातात कागद पडतो. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्र विभाग आहे, तिथेही एक चक्कर मार आणि नोंदींची एक प्रत देऊन ये. पुण्यात सात-आठ आठवड्यांची इंटर्नशिप म्हणजे पहिला आठवडा लॅपटॉप मिळायला आणि शेवटचा प्रमाणपत्र मिळायला. मात्र शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते किंवा घरची ओढाताण हे कारण असेल, तर बाबांशी पैशांचं मोकळेपणाने बोल. तसं असेल तर पुण्याला जाण्यात काही कमीपणा नाही आणि माझं वरचं सगळं रद्द समज.

खरंच पूर आला, माणसं शाळांमध्ये आणावी लागली, तर वही मिटायची. तालमी आणि मंडळं रात्रीतून कामाला लागतात, तिथे जाऊन 'मी काय करू' एवढंच विचार. कोणी पोळ्या लाटायला सांगेल, कोणी आलेले कपडे निवडायला. निवडायला बसलीस की कळेल, पूरग्रस्तांच्या नावावर लोक घरातलं काय काय बाहेर काढतात. पर्यावरणाचा तो धडा कुठल्या विद्यापीठात मिळत नाही.

आता तानपुरा. हे काम पहिल्याच आठवड्यात काढ, कारण पावसात लाकूड आणि पॉलिश दोन्ही वाळायला वेळ घेतात आणि कारागीर तुला 'या दोन दिवसांनी' म्हणणार. मिरज ५० किलोमीटर. रेल्वेच्या गर्दीत तानपुरा नेऊ नकोस, बाबांना गाडी काढायला लाव. त्यांनाही बरं वाटेल. सतारमेकर गल्लीत दीडशेहून अधिक वर्षं हे काम चालतंय. सुरुवात केली ती हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या लोकांनी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तुझा तानपुरा ठण्ण वाजतो म्हणजे जवारी गेलीय, तारेला गुंजता आवाज देणारी घोडीची घडण. ती लावताना बघायला मिळाली तर दुकानाबाहेर फिरू नकोस, शेजारी बस. कारागीर तार सैल करून बाजूला सारतो, तारा टेकतात त्या घोडीच्या माथ्यावर कानस अगदी हलक्या हाताने दोनदा फिरवतो, तार पुन्हा जागेवर आणून छेडतो, तिच्याखाली सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे करतो आणि मान तिरकी करून ऐकतो. पटलं नाही की परत सैल. एका तारेवर घटकाभर जातो. मध्येच कोणी गिऱ्हाईक भाव विचारायला आलं तर तो उत्तरच देत नाही.

पैसे ठरवण्याआधी एक गोष्ट विचार. आजोबांचा तानपुरा मर्दानी असणार, म्हणजे खालच्या पट्टीचा, काळी एक-दोनचा. तू गात असशील वरच्या पट्टीत, काळी चार-पाचमध्ये. बारीक तारा चढवून तो तुझ्या स्वराला येईल की नाही, आला तरी गोल वाजेल की केकाटेल, हे कारागीरच सांगू शकेल. 'नाही' म्हणाला तर हट्ट करू नकोस, आजोबांचा आहे तसा दुरुस्त करून घे आणि रियाजापुरता बाईंकडचा वापर.

तिथे बसलीच आहेस तर भोपळ्यांबद्दल विचार. तुझ्या दोन आवडी जोडायला मैफल लागत नाही, त्या इथे आधीच एकमेकींत अडकलेल्या आहेत. तानपुऱ्याचा भोपळा भाजीचा नसतो. कडू जातीचा, जाड सालीचा, घेरदार लागतो. तो पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांतून येतो, महिनोन्महिने वाळवावा लागतो. अवकाळी पाऊस लागला तर काय होतं? बी कोण राखतं? ऊस लावला तर पैसा हमखास, मग शेतकरी भोपळा का लावेल? दांडीचं तुणाचं लाकूड कुठून येतं? घोडीला पूर्वी हस्तिदंत, सांबरशिंग वापरत. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढे हे सगळं बंद झालं, आता उंटाचं हाड, लाकूड, फायबर. नादात फरक पडला का? एकेका प्रश्नाला दुकानातली तीन माणसं तीन उत्तरं देतील आणि आपसांत वाद घालतील. तो वाद लिहून घे. यातला एखादा धागा धरून पुढच्या उन्हाळ्यात, खऱ्या उन्हाळ्यात, मंगळवेढ्याला जाता येईल.

राहता राहिल्या बाई. पाच वर्षांनी फोन कसा करू, असं तुझं चाललंय. फोन करूच नकोस, मेसेज तर अजिबात नको. आईला विचारून त्यांची सवड कळून घे आणि सरळ दारात उभी राहा. तिकडचं चॉकलेट ने, पण सबब नेऊ नकोस. 'अभ्यासामुळे जमलं नाही' हे त्यांनी तुझ्यासारख्या पन्नास जणींकडून ऐकलंय. बोलतील, थोडं लागेल असं बोलतील. नंतर चहा टाकतील. 'सा लाव' म्हणाल्या की लाव, कसाही लागो.

आणि आठ आठवड्यांत काय होईल याचा हिशोब आधीच कर. आवाज जागेवर यायलाच महिना जाईल. सकाळी खर्ज म्हणजे खालचे सूर, मग पलटे, बस. पावसाळा आहे म्हणून मल्हार मागू नकोस. त्यांनी भूप दिला तर भूप, अन् तोही नुसता आकारात घोळवायला सांगितला तर तसा. विचारल्याशिवाय फोनवर रेकॉर्ड करायचं नाही. तिकडे परत गेल्यावर शिकवणी ऑनलाइन चालू ठेवाल का, हेही पहिल्या दिवशी विचारू नकोस, शेवटच्या आठवड्यात विचार. तोवर त्यांनाही कळलेलं असेल की तू टिकणार आहेस की नाही.

वातावरण राहिलं नाही म्हणणाऱ्या मैत्रिणीला एकदा देवल क्लबला घेऊन जा. हा गायन समाज १८८३ पासून उभा आहे. शाहू महाराजांनी जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांना याच गावात आश्रय दिला, त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ इथे शिकवत राहिले, गायिका धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडे इथंच शिकल्या. मल्लिकार्जुन मन्सूर तर नाव झालेलं असताना, रेकॉर्डी निघालेल्या असताना खाँसाहेबांचे दुसरे चिरंजीव मंजीखाँ यांच्याकडे नव्याने शिकायला बसले, आणि ते गेल्यावर भूर्जीखाँकडे. मन्सूरांना पुन्हा पहिल्यापासून बसायला लाज वाटली नाही, तर बारावीनंतर गाणं सोडलेल्या मुलीने किती लाजावं? पूर्वीइतक्या बैठकी होत नाहीत हे खरं. पण ज्या होतात त्यांना पुढच्या दोन रांगा सोडल्या तर खुर्च्या रिकाम्या असतात, त्याला वातावरण काय करणार!

विमानाच्या कार्बनचा हिशोब तू माझ्यापेक्षा चांगला मांडशील. मला एवढंच दिसतं की डिसेंबरात लग्नासाठी दहा दिवस आणि पुन्हा जुलैत, अशा दोन फेऱ्या झाल्या. पुढच्या वर्षी एकच कर आणि ती लांब कर. लग्नातल्यांना राग येईल, येऊ दे.

काकाचं मात्र तू चुकलीस. मुद्दा तुझा बरोबर होता, वेळ चुकली. पंगत बसलेली असताना यजमानाला पत्रावळीवरून बोलतात का? या वेळी त्याच्याकडे जा, जेवायला थांब, विषय काढू नकोस. आजी असेल तर तिच्याकडून वाकळ शिवायला शीक, जुन्या लुगड्यांची. गंगावेशीत दूध आणायला घरचं भांडं घेऊन जा. काका बघतोय, त्याला बोलून दाखवायची गरज नाही. पुढच्या कार्याला पळसाच्या पत्रावळ्या कुठे मिळतात हे त्यानेच विचारलं, तर पत्ता आणि दर तयार ठेव. 'इकोफ्रेंडली' म्हणून दुप्पट दराच्या सांगितल्यास तर पुन्हा भांडण.

आईचं ऐक. आठवड्यातून एक दिवस नुसती बस आणि जेव.

आता तानपुरा विमानात. नको. सामानात टाकलास तर भोपळा तडकण्याची भीती, आणि तडकलेला भोपळा सांधून मूळचा आवाज येईलच असं नाही. तिकडच्या कोरड्या, हीटर लावलेल्या खोलीत तो आणखी त्रास देईल. रियाजाला तिकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा फोनवरचं ॲप पुरे. इथला तानपुरा बंद खोलीत ठेवण्यापेक्षा बाईंना विचार, त्यांच्याकडे एखादा शिकणारा असेल ज्याला परवडत नाही. त्याला दहा महिने वापरू दे, वापरता राहिला तर वाद्यही बरं राहतं. देताना त्याला सांग, वाजवून झालं की तारा थोड्या उतरवायच्या, ओल्या भिंतीला टेकवायचा नाही. आणि गवसणी नवी शिव. पाच वर्षं कोपऱ्यात पडलेली जुनी गवसणी झुरळांनी सोडली असेल असं मला वाटत नाही.